भूमिका, कल्पना आणि ओळख : चिनी अद्भुतकथांचे चाहता-लेखन व मराठी रंगपरंपरा यांच्या आधारे लिंगभावाचा विचार

बीजशब्द : लिंगभाव, पारलिंगी ओळख, चाहता-लेखन, चिनी अद्भुतकथा, स्त्रीपार्ट, दंडार

प्रस्तावना

कोरियन मालिकांपाठोपाठ चिनी अद्भुतरम्य मालिकाही आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून आपल्याकडील तरुण प्रेक्षकांपर्यंत पोहोचल्या आहेत. या मालिकांभोवती जगभरातील चाहत्यांनी जे लेखन, चित्रे आणि चित्रफिती निर्माण केल्या, त्यांत समलिंगी प्रेम आणि पारलिंगी ओळख हे विषय ठळकपणे आढळतात. असे साहित्य म्हणजे केवळ पोरकट करमणूक होय, असे मानून ते दुर्लक्षिण्याकडे शिक्षकांचा कल असतो. याउलट अशा साहित्यात रमणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल लगेच काहीतरी निष्कर्ष काढून मोकळे होण्याची वृत्तीही दिसते. या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत.

कलेत एखाद्याने घेतलेली भूमिका, मनात रंगवलेली कल्पना आणि स्वतःविषयी सांगितलेली ओळख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की माणसांवर अन्याय होतो, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. त्यासाठी चिनी अद्भुतकथांचे उदाहरण घेतले आहे आणि त्याच्या शेजारी मराठी रंगपरंपरा ठेवली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीपट्टीच्या रसिकाला पुरुषाने साडी नेसून रंगमंचावर येणे नवे नाही. त्यामुळे दूरच्या उदाहरणातून जे कळेल, ते घरच्या अनुभवावर पडताळून पाहता येते.

संज्ञांचा उलगडा

मराठीत 'लिंग' हा एकच शब्द शरीररचना, व्याकरण आणि सामाजिक ओळख अशा तिन्ही अर्थांनी वापरला जातो. त्यामुळे काही संज्ञा प्रारंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'लिंगभाव' म्हणजे स्त्री किंवा पुरुष म्हणून कसे वागावे, बोलावे, नेसावे याविषयी समाजाने घडवलेली कल्पना. 'लिंगओळख' म्हणजे व्यक्तीला स्वतःविषयी आतून असलेली जाणीव. जन्मतः नोंदवलेल्या लिंगाशी ही जाणीव जुळत नसेल, तर त्या व्यक्तीस पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर असे म्हटले जाते. 'लैंगिक कल' म्हणजे व्यक्तीला कोणाविषयी आकर्षण वाटते, हा स्वतंत्र प्रश्न होय. पारलिंगी स्त्री समलिंगी असेलच असे नाही आणि समलिंगी पुरुष स्त्रैण असेलच असेही नाही. 'क्वीअर' हा शब्द इंग्रजीत पूर्वी हेटाळणीसाठी वापरला जात असे. पुढे संबंधित समूहांनीच तो अभिमानाने स्वीकारला आणि प्रचलित चौकटीबाहेरील सर्व लैंगिकता व लिंगओळखी यांना सामावणारी संज्ञा म्हणून तो रूढ झाला.

'चाहता-लेखन' म्हणजे एखाद्या प्रसिद्ध कथेतील पात्रे व विश्व घेऊन चाहत्यांनी विनामोबदला केलेली नवी रचना. इंग्रजीतील 'फॅन फिक्शन' ही संज्ञा याच अर्थाची आहे. मूळ कथेत राहून गेलेला प्रसंग लिहिणे, शेवट बदलणे, दोन पात्रांतील सुप्त स्नेह उघड करणे किंवा एखाद्या पात्राचे लिंगच बदलून पाहणे, असे तिचे अनेक प्रकार आहेत. रामकथेची असंख्य रूपे, आख्यानकवींनी महाभारतातील प्रसंगांवर रचलेली स्वतंत्र काव्ये आणि कीर्तनकाराने मूळ कथेला दिलेली स्वतःची जोड लक्षात घेतली, तर ही प्रवृत्ती मराठी वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही. फरक इतकाच की पूर्वी परंपरेने मान्यता दिलेल्यांना हा अधिकार होता. आज तो कोणाही वाचकाने हाती घेतला आहे.

चिनी अद्भुतकथेचे स्वरूप

चिनी लोकप्रिय कथेत 'वूश्या' हा शस्त्रनिपुण वीरांच्या कथांचा प्रकार आहे. 'श्येनश्या' या प्रकारात साधनेच्या बळावर अमरत्व व सिद्धी मिळवणारे साधक, भूतपिशाचे, देवलोक यांचे विश्व असते. 'नवनाथ भक्तिसार' ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे विश्व समजण्यास फारसे सायास पडत नाहीत. दोन पुरुषांतील प्रेम केंद्रस्थानी ठेवणाऱ्या कथांना चिनी भाषेत 'दानमेइ' असे म्हणतात. 'सौंदर्यात रममाण होणे' असा या शब्दाचा भाव आहे. तो जपानी भाषेतून चिनीत आला. १९९० च्या दशकात जपानी चित्रकथांच्या प्रभावातून चीनमध्ये हा प्रकार रुजला. त्याच्या लेखिका आणि वाचक मुख्यतः तरुण स्त्रिया आहेत.

या प्रकारातील सर्वाधिक गाजलेल्या कृतींपैकी एक म्हणजे मो श्यांग थोंग श्यू या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची 'मो दाओ झू शी' ही कादंबरी. ती २०१५-१६ मध्ये जिनजियांग या चिनी साहित्य-संकेतस्थळावर क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा नायक वेई वूश्यान हा निषिद्ध साधनेमुळे बदनाम होऊन मरण पावतो आणि अनेक वर्षांनी दुसऱ्याच एका तरुणाच्या देहात परत येतो. ज्या तरुणाचा देह त्याला मिळतो, तो पुरुषांवर प्रेम करणारा म्हणून घरादाराने हिणवलेला असतो. म्हणजे नायकाला नव्या देहाबरोबर त्या देहाची बदनामीही वारशाने मिळते. पुढे लान वांगजी या संयमी साधकाशी त्याचे जुने नाते नव्याने उमलते.

परकायाप्रवेश हे कथासूत्र मराठीला किती जुने आहे, हे येथे सहज आठवते. मराठीतील आद्य गद्यचरित्र मानल्या जाणाऱ्या 'लीळाचरित्रा'त चांगदेव राऊळांनी आपला देह ठेवून भडोचच्या हरिपाळदेवाच्या मृत देहात प्रवेश केल्याची कथा आहे. श्रीचक्रधरांचे पूर्वचरित्र तेथून सुरू होते. देह एकाचा आणि आत्मा दुसऱ्याचा, ही कल्पना तेथे आध्यात्मिक अर्थाने येते. जन्माने मिळालेला देह आपला वाटत नाही अशा वाचकाला मात्र या कल्पनेत स्वतःच्या अनुभवाची भाषा सापडू शकते. म्हणूनच या कादंबरीवरील चाहता-लेखनात वेई वूश्यानला पारलिंगी मानून लिहिलेल्या कथाही आढळतात.

याच लेखिकेच्या 'हेवन ऑफिशियल्स ब्लेसिंग' या इंग्रजी नावाने प्रसिद्ध असलेल्या कादंबरीत शी छिंगश्वान नावाचा वायुदेव आहे. भक्तांनी त्याला स्त्रीरूपात पूजण्यास सुरुवात केली आणि त्यालाही ते रूप प्रिय झाले, अशी त्याची कथा आहे. भक्तांच्या कल्पनेने देवाचे लिंग बदलणे हे केवळ कादंबरीतील नाही. भारतातून चीनमध्ये गेलेला अवलोकितेश्वर तेथे कालांतराने 'क्वानयिन' या करुणामयी देवीच्या रूपात पूजला जाऊ लागला. आपल्याकडे पुरुषरूपातील विठ्ठल वारकऱ्यांची 'माउली' आणि 'विठाई' झाला. नेवासे येथे विष्णूचे मोहिनीरूप मोहिनीराज म्हणून पूजले जाते. ज्ञानदेव-तुकारामांच्या विराण्यांत पुरुष कवी विरहिणी स्त्रीच्या मुखाने बोलतो. या साऱ्यास परंपरेने कधी आक्षेप घेतला नाही, कारण तेथे लिंगपालट कल्पनेच्या आणि भक्तीच्या प्रांतात राहतो.

एकाच पात्राची तीन रूपे

कल्पनेतील पात्र प्रत्येक पुनर्कथनात कसे बदलते, याचे बोलके उदाहरण म्हणजे दोंगफांग बूबाय. जिन योंग (१९२४-२०१८) यांच्या १९६७ ते १९६९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या वूश्या कादंबरीतील हे पात्र होय. सर्वोच्च युद्धविद्या मिळवण्यासाठी हा पुरुष स्वतःचे पुरुषत्व छाटून टाकतो. पुढे तो स्त्रीवेषात राहू लागतो, भरतकाम करतो, एका पुरुषावर जीव लावतो आणि भरतकामाच्या सुईनेच युद्ध करतो. मूळ कादंबरीत हे पात्र सत्तेच्या हव्यासाची विकृती दाखवण्यासाठी योजलेले आहे. वाचकाला त्याची भीती वाटावी, असाच तेथे उद्देश दिसतो.

१९९२ मध्ये हाँगकाँगच्या 'स्वोर्ड्समन २' या चित्रपटात लिन छिंगश्या या अभिनेत्रीने ही भूमिका केली. तिच्या अभिनयामुळे हे पात्र सुंदर, एकाकी आणि करुण झाले. खलपात्र पाहण्यासाठी गेलेला प्रेक्षक त्याच्या प्रेमात पडून परतला. त्यानंतर अनेकांनी या पात्रात पारलिंगी स्त्रीची प्रतिमा वाचली. २०१३ च्या चिनी दूरचित्रवाणी मालिकेत तर दोंगफांग बूबायला जन्मतःच स्त्री करून टाकले गेले आणि ती नायिका झाली. त्यामुळे प्रेमकथा सोयीची झाली, परंतु पात्राच्या ओळखीचा प्रश्नच नाहीसा झाला.

पहिल्या रूपात लिंगपालट हा दोष आहे, दुसऱ्यात ती व्यथा आहे आणि तिसऱ्यात तो पुसून टाकला आहे. समाजही पारलिंगी व्यक्तीशी याच तीन प्रकारांनी वागतो : तिला घाबरतो, तिची कीव करतो किंवा तिचे अस्तित्वच नाकारतो. तिला तिच्या शब्दांत बोलू देणारे चौथे रूप या तिन्हींत नाही. चाहता-लेखनातील काही कथा त्या रिकाम्या जागी उभ्या राहतात. त्यांचा वाङ्मयीन दर्जा सारखा नसतो आणि बऱ्याच कथा सामान्यही असतात. तरीही त्यांत पारलिंगी पात्र स्वतःच्या दृष्टीने जग पाहते, ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

रंगमंचावरील भूमिका

कल्पनेकडून भूमिकेकडे वळताना चीन आणि महाराष्ट्र यांच्यातील एक साम्य लक्षात येते. पेकिंग ऑपेरातील स्त्रीभूमिकांचे श्रेष्ठ नट मेइ लानफांग (१८९४-१९६१) आणि मराठी संगीत रंगभूमीचे नटसम्राट बालगंधर्व अर्थात नारायण श्रीपाद राजहंस (१८८८-१९६७) हे समकालीन होते. दोघांनीही स्त्रीभूमिकांना कलेच्या शिखरावर नेले. 'मानापमान'मधील भामिनी, 'स्वयंवर'मधील रुक्मिणी, 'एकच प्याला'मधील सिंधू या बालगंधर्वांच्या भूमिका अजरामर झाल्या. त्यांची साडी नेसण्याची पद्धत, दागिने आणि केशरचना यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. पुरुषाने रंगवलेल्या स्त्रीकडून स्त्रियांनी स्त्रीत्वाचे धडे घ्यावेत, हे रसिकतेचे एक विलक्षण रूप होय. चाहते केवळ पाहत नाहीत, पाहिलेले घेऊन स्वतःचे काहीतरी घडवतात, याचा हा मराठी पुरावा म्हणता येईल.

झाडीपट्टीत ही परंपरा अधिक लोकाभिमुख आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि तिच्या निमित्ताने दंडार, खडी गंमत व रात्रभर चालणारी नाटके होतात. दंडारीत स्त्रीपात्रे पुरुषच रंगवीत आले आहेत. खडी गंमतीत स्त्रीवेषात नाचणारा पुरुष हा प्रयोगाचा प्राण असतो. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीबरोबरच या लोककलांच्या अभ्यासाकडेही जाणकारांचे लक्ष वेधले. आज झाडीपट्टीच्या व्यावसायिक नाटकांत स्त्रिया काम करतात. तरीही दंडारीतील स्त्रीपार्टाला मिळणारी दाद येथील प्रत्येकाने ऐकलेली आहे.

या दादेचा अर्थ काय, हा खरा प्रश्न आहे. दंडारीतील साडी नेसलेला नट दुसऱ्या दिवशी शर्ट-पँट घालून धान कापायला बांधीत जातो, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. किंबहुना ते ठाऊक असते म्हणूनच तो निर्धास्तपणे दाद देतो. भूमिकेला आरंभ आहे आणि अंत आहे. रंग पुसला की लिंगाची चौकट पूर्ववत होते. स्त्रीपार्ट करणारा नट पारलिंगी असतो असे मुळीच नाही. बहुसंख्य नटांसाठी ती कला होय आणि पोटापाण्याचे साधनही होय. परंतु एखाद्यासाठी मनातील स्त्रीला बाहेर येण्याची वर्षातील ती एकमेव रात्रही असू शकते. प्रेक्षकात बसून हे ओळखता येत नाही आणि ओळखण्याचा प्रयत्न करण्याचा अधिकारही प्रेक्षकाला नाही.

भूमिकेला दाद आणि ओळखीला दंड, ही विसंगती आपल्या इतिहासात कायद्यानेही जपली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात, सुरुवातीस उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या तरतुदींनुसार, नोंद झालेल्या हिजड्याने स्त्रीवेषात सार्वजनिक ठिकाणी येणे किंवा तेथे नाचगाणे करणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला होता. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, १८८० मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि पुरुष नटांच्या स्त्रीभूमिकांना मराठी रसिक डोक्यावर घेऊ लागले. एकाच राजवटीत एकाची साडी कला ठरली आणि दुसऱ्याची साडी गुन्हा ठरली. दोघांमधला फरक कापडात नव्हता. एकाची साडी नाटक संपताच उतरत होती आणि दुसऱ्याची उतरत नव्हती, एवढाच तो फरक होता.

भूमिका ओळख समजली जाते तेव्हा

सरमिसळीची पहिली दिशा म्हणजे भूमिकेवरून ओळख ठरवणे. मराठी चित्रपटातील नामवंत अभिनेते गणपत पाटील यांचे जीवन हे याचे वेदनादायी उदाहरण आहे. तमाशापटांतील 'नाच्या' त्यांनी इतक्या ताकदीने उभा केला की प्रेक्षकांनी पडद्यावरील पात्र आणि माणूस एकच मानले. संसारी असलेल्या या कलावंताला आणि त्यांच्या कुटुंबीयांनाही त्यापायी कुचेष्टा सोसावी लागली. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारलेल्या, २०१० मध्ये प्रदर्शित झालेल्या 'नटरंग' या चित्रपटात नाच्याचे काम पत्करणाऱ्या गुणाच्या वाट्यालाही हाच उपहास आणि पुढे क्रूर हिंसा येते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. 'गणपत पाटील तसे नव्हते, म्हणून त्यांची टवाळी अन्यायकारक होती' असे म्हणणे पुरेसे नाही. ते तसे असते, तरी टवाळी तेवढीच अन्यायकारक ठरली असती. चुकीची ओळख लादली जाणे हा एक अन्याय आहे आणि ती ओळख शिवीसारखी वापरली जाणे हा दुसरा. पहिल्याचे निराकरण करताना दुसऱ्याला मान्यता देऊन चालणार नाही.

कल्पनेची सीमा : २०१९ ते २०२१

'मो दाओ झू शी'वर आधारलेली ५० भागांची 'चेन छिंग लिंग' ही मालिका जून २०१९ मध्ये चीनमध्ये प्रसारित झाली आणि 'द अनटेम्ड' या इंग्रजी नावाने जगभर पोहोचली. चिनी नियंत्रणामुळे दोन नायकांतील प्रेम मालिकेत 'जिवलग सख्य' म्हणून दाखवावे लागले. जे उघडपणे सांगता येत नव्हते, ते नजरा, गीते आणि मौन यांतून सुचवले गेले. उरलेले चाहत्यांनी लिहून पूर्ण केले. अशा लेखनाचे मोठे भांडार म्हणजे 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे स्वयंसेवकांनी चालवलेले संग्रहस्थळ. २०१९ मध्येच त्याला विज्ञान-कथा व अद्भुतिकेच्या क्षेत्रातील प्रतिष्ठेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

फेब्रुवारी २०२० मध्ये या संग्रहस्थळावरील एका कथेवरून मोठा वाद झाला. त्या कथेत मालिकेतील अभिनेता श्याओ झान याला देहविक्रय करणाऱ्या पारलिंगी स्त्रीच्या रूपात कल्पिले होते आणि त्याचा सहअभिनेता वांग यीबो याच्याशी त्याचे प्रेम दाखवले होते. श्याओ झानच्या काही चाहत्यांना हा त्याचा अपमान वाटला. त्यांनी संघटितपणे शासकीय यंत्रणेकडे तक्रारी केल्या आणि महिनाअखेरीस ते संग्रहस्थळच चीनमध्ये बंद झाले. संतापलेल्या अन्य वाचकांनी मग त्या अभिनेत्याच्या जाहिरातींवर बहिष्कार टाकला. ज्याने कथा लिहिली नव्हती आणि ज्याने तक्रारही केली नव्हती, तो अभिनेताच या वादात पोळला.

या प्रसंगात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. हयात व्यक्तीला तिच्या संमतीविना अशा कथेचे पात्र करावे काय, हा पहिला नैतिक प्रश्न रास्त आहे. कल्पित पात्रावर लिहिणे आणि खऱ्या माणसावर लिहिणे यांत अंतर राखले पाहिजे. दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. दोन देखण्या पुरुषांच्या प्रेमाची कल्पना मिटक्या मारीत वाचणाऱ्या वाचकवर्गातही पारलिंगी स्त्रीशी तुलना ही अवमानकारक मानली गेली. म्हणजे चौकट मोडणाऱ्या कल्पनेलाही स्वतःची उतरंड असते आणि पारलिंगी व्यक्ती तिच्या तळाशी ढकलली जाते. 'दानमेइ'वरील एक गंभीर आक्षेपही याच दिशेचा आहे. समलिंगी पुरुषांचे खरे जगणे बाजूला राहते आणि त्यांचे रंजक चित्रच वाचकांना प्रिय होते, असे टीकाकार म्हणतात. हा आक्षेप दुर्लक्षिता येणार नाही.

पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये चीनच्या राष्ट्रीय रेडिओ व दूरचित्रवाणी प्रशासनाने 'बायकी' पुरुष कलाकारांना पडद्यावर स्थान देऊ नये, अशा आशयाचे निर्देश दिले. 'दानमेइ' कथांवरील मालिकाही अडचणीत आल्या. वस्तुतः चीनमध्ये १९९७ पासून समलिंगी संबंध गुन्हा मानले जात नाहीत आणि २००१ मध्ये मनोविकारांच्या यादीतून समलैंगिकता वगळली गेली आहे. असे असूनही कथेतील प्रेमाला प्रतिबंध व्हावा, यावरून एक गोष्ट कळते. कायद्याने शिक्षा काढून टाकली, तरी उच्चाराला मोकळीक मिळतेच असे नाही.

मराठीत ओळखीचा उच्चार

मराठीत हा उच्चार हळूहळू झाला. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. एका तरुणीच्या समलिंगी ओढीचा आणि तिच्या एकाकीपणाचा त्यात विचार होता. मुंबईत १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट, तसेच पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट सुरू झाला. २०१२ मध्ये लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. दिशा पिंकी शेख यांची कविताही याच वाटेवरची. या टप्प्यावर मराठी वाचकासमोर पात्र नव्हते, स्वतःविषयी प्रथमपुरुषी एकवचनात बोलणारी व्यक्ती होती.

कायद्याची वाटचालही समांतर झाली. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींचा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंह जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम २०१९ मध्ये संमत होऊन १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याच्या १३ व्या कलमाने शासन-अनुदानित वा शासनमान्य शिक्षणसंस्थांवर पारलिंगी विद्यार्थ्यांना भेदभावाविना, इतरांच्या बरोबरीने शिक्षण देण्याची जबाबदारी टाकली. म्हणजे हा विषय केवळ सदिच्छेचा राहिला नाही, तो शिक्षकाच्या कर्तव्याचा झाला.

अध्यापकांसमोरील प्रश्न

ग्रामीण महाविद्यालयात हा प्रश्न कोणत्या रूपात समोर येतो? स्नेहसंमेलनात एखादा विद्यार्थी स्त्रीवेषात लावणी सादर करतो आणि सभागृह शिट्ट्यांनी दुमदुमते. तोच विद्यार्थी दुसऱ्या दिवशी डोळ्यांत काजळ घालून वर्गात आला, तर त्याला टोमणे ऐकावे लागतात. एखादी विद्यार्थिनी वहीच्या मागच्या पानांवर दोन पुरुष साधकांच्या प्रेमाची कथा लिहिते आणि ती वही हाती लागली की तिच्या चारित्र्याची चर्चा सुरू होते. एखादा विद्यार्थी मोठ्या धीराने सांगतो की, मला मुलगी म्हणून जगायचे आहे. त्याला उत्तर मिळते, 'नाटकं करू नकोस.'

मराठीतील हा वाक्प्रचार येथे विशेष अर्थपूर्ण आहे. ज्या समाजाने स्त्रीपार्टाला डोक्यावर घेतले, तोच समाज खऱ्या ओळखीला 'नाटक' म्हणून झिडकारतो. ही सरमिसळीची दुसरी दिशा होय. पहिल्या दिशेत भूमिकेला ओळख मानले जाते आणि दुसऱ्या दिशेत ओळखीला भूमिका मानले जाते. गणपत पाटील यांच्यावर पहिला अन्याय झाला. पारलिंगी विद्यार्थ्यावर बहुधा दुसरा होतो.

यावरून अध्यापकाच्या वर्तनासाठी काही साध्या गोष्टी सुचतात. विद्यार्थी काय वाचतो, काय लिहितो किंवा रंगमंचावर काय नेसतो, यावरून तो कोण आहे असा निष्कर्ष काढू नये. स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाची किंवा अशा कथा लिहिणाऱ्या मुलीची चौकशी करण्याचे कारण नाही. त्यांच्या अभिनयाविषयी किंवा लेखनाविषयी मात्र अवश्य बोलावे. याउलट विद्यार्थ्याने स्वतःहून काही सांगितले, तर ते ऐकून घ्यावे, ज्या नावाने हाक मारावी असे त्याला वाटते ते विचारावे आणि त्याच्या संमतीवाचून ती गोष्ट पालकांना किंवा सहकाऱ्यांना सांगू नये. लहान गावात एक वाक्य संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते आणि त्याचे परिणाम शिक्षकाला नव्हे, विद्यार्थ्याला भोगावे लागतात.

अध्यापनातही या विषयाला जागा आहे. मराठीच्या तासाला विराण्या किंवा बृहन्नडेचे आख्यान शिकवताना, इतिहासात १८७१ चा कायदा शिकवताना, समाजशास्त्रात चाहत्यांच्या समूहांचा विचार करताना आणि राज्यशास्त्रात नालसा निकाल समजावताना हा प्रश्न स्वाभाविकपणे येतो. वेगळे व्याख्यान योजण्यापेक्षा नेहमीच्या पाठात आलेला उल्लेख अधिक परिणामकारक ठरतो. विद्यार्थ्याला त्यातून एवढेच कळते की हा शब्द येथे उच्चारता येतो.

समारोप

चिनी अद्भुतकथेतील परकायाप्रवेश केलेला नायक, सुईने लढणारा दोंगफांग बूबाय, बालगंधर्वांची सिंधू आणि दंडारीतील साडी नेसलेला नट यांना एकत्र ठेवले असता असे दिसते की चीन काय किंवा महाराष्ट्र काय, लिंगाची सीमा ओलांडण्यास कलेत नेहमीच वाव मिळाला. परंतु तो वाव भूमिकेपुरता आणि कल्पनेपुरता राहिला. ज्यांच्यासाठी ती ओळख होती, त्यांच्या वाट्याला कायदा, कुचेष्टा किंवा मौन आले. चाहता-लेखन हा प्रश्न सोडवत नाही आणि त्याचे स्वतःचे दोषही आहेत. तरीही ज्याला स्वतःविषयीचे शब्द सापडत नाहीत, त्याला ते उसन्या पात्राच्या मुखातून बोलून पाहण्याची सोय देते. ते शब्द पुढे स्वतःचे म्हणून उच्चारायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे. अध्यापकाने भूमिकेवरून ओळख ठरवू नये आणि सांगितलेली ओळख भूमिका मानून टाळू नये. या दोन मर्यादा पाळल्या गेल्या, तर दंडारीला मिळणारी दाद आणि वर्गात मिळणारी वागणूक यांच्यातील अंतर निदान आपल्या महाविद्यालयांत तरी कमी होईल.